पोटाचा प्रश्न

आमच्या यवतमाळकडे 'पोटाचा प्रश्न' म्हटले की त्याचा एकच अर्थ होतो. पाऊस वेळेवर आला का, कापसाला बोंडे धरली का, आणि धरली तर भाव काय मिळाला, या तीन गोष्टींवर जे पोट अवलंबून असते त्या पोटाचा तो प्रश्न. ज्या जिल्ह्याचे नाव बाहेरच्या जगाला कळते ते बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून, त्या जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या मास्तराने, सुटलेले पोट शस्त्रक्रियेने आत कसे घ्यावे या विषयावर ऐन दिवाळीत लेख लिहावा, यात औचित्यभंग आहे हे मला कळते. फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक वाचणाऱ्यांना तर तो उद्धटपणाही वाटेल. चकली हातात असताना चरबीची गोष्ट कोणी काढू नये, हा साधा शिष्टाचार आहे.

पण हा विषय मी शोधून आणलेला नाही. तो आमच्याच घरात, फराळाच्या ताटावर निघाला. आणि तो माझ्याच तोंडून निघाला.

२०२३ ची भाऊबीज. मी नेहमीप्रमाणे दारव्ह्याला बहिणीकडे गेलो होतो. भाची माहेरी आली होती. तिला जुळी मुले. तेव्हा ती अडीच वर्षांची होती. भाची नोकरी करते, घर करते, दोन्ही पोरांना दोन कडांवर घेऊन जिना चढते. तिने मला ओवाळणीचा पाट मांडून दिला, वाकून नमस्कार केला आणि ती उभी राहिली. तिच्या पोटाकडे पाहून मी म्हणालो, "काय ग, तिसरा पाहुणा केव्हा येणार?"

सारे हसले. जावई हसले, शेजारच्या काकू हसल्या, मी सर्वांत जास्त हसलो. भाचीही हसली. फक्त माझी बहीण हसली नाही. निरांजनाची वात सारखी करीत ती आमच्या घरच्या जुन्या बोलीत म्हणाली, "तुले बोलाले काही काळवेळ आहे का नाही?"

तिसरा पाहुणा येणार नव्हता. चार महिन्यांनी भाचीने पावणेदोन लाखांचे कर्ज काढले आणि नागपूरच्या एका रुग्णालयात जाऊन पोटाची चरबी काढून घेतली.

मला या लेखात दोघांशी भांडायचे आहे. एक तो, जो पोटाला हात न लावता शस्त्रक्रियेचा भाव सांगतो. दुसरा तो, जो पोट पाहून विनोद करतो. दुसरा नसता तर पहिला उपाशी मेला असता, असे माझे म्हणणे आहे. आणि हा दुसरा मीच आहे. तेव्हा माझ्या वकिलीवर वाचकांनी जपूनच विश्वास ठेवावा.

प्रथम त्या भाव सांगणाऱ्याचा समाचार घेऊ.

भाचीने मोबाईलवर जे पाहिले ते तिने मला नंतर दाखविले. साडीच्या दुकानात गादीवर तीन लुगडी टाकावीत तशा तीन शस्त्रक्रिया तेथे मांडल्या होत्या. पहिली 'लायपोसक्शन', म्हणजे नळीने चरबी ओढून घेणे. दुसरी 'मिनी टमी टक'. तिसरी 'फुल टमी टक'. प्रत्येकीखाली किंमत, प्रत्येकीखाली हसऱ्या बाईचे चित्र, आणि वर सणानिमित्त सवलत. पहिली सर्वांत स्वस्त. तिला मोठा छेद नाही, दुसऱ्या दिवशी घरी. तिसरी महाग, कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत व्रण, आणि अनेक आठवडे विश्रांती. शहाणे गिऱ्हाईक काय करील? जे भाचीने केले तेच. तिने स्वस्त आणि सोपी ती निवडली.

हीच सारी फसवणूक आहे, आणि तिच्यात एकही वाक्य खोटे नाही. तिन्ही शस्त्रक्रिया खऱ्या, तिन्ही करणारे शस्त्रवैद्य खरे, आणि योग्य पोटावर केल्या तर तिन्हींचा गुणही खरा. खोटे आहे ते एवढेच, की या तिघी एकमेकींच्या पर्याय आहेत. ताप, मोडलेले हाड आणि मोतीबिंदू यांवरील उपाय एका फळीवर मांडून 'तुमच्या खिशाला परवडेल तो घ्या' असे कोणी म्हणाले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पोटाच्या बाबतीत मात्र आपण पाकीट उघडतो.

हे समजण्यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. कापसाच्या मुलुखात राहणाऱ्याला गादी ठाऊक असली की पुरे. गादीला वरून खोळ असते, आत कापूस असतो, आणि सारे जागच्या जागी धरून ठेवणारी शिवण असते. गादी बेढब दिसू लागली तर पिंजारी पहिल्यांदा काय करतो? तो ती दाबून, उलटून पाहतो. कापूस जास्त झाला आहे, की खोळ ढिली झाली आहे, की शिवण उसवली आहे? हे पाहिल्यावाचून जो भाव सांगेल त्याच्या दारात आपण गादी टाकीत नाही.

पोटाचेही असेच आहे. कातडी ही खोळ. कातडीखाली जी चिमटीत धरता येते ती चरबी म्हणजे कापूस. आणि पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून खाली उतरणारे जे दोन उभे स्नायू आहेत, त्यांना जोडणारा पांढरा पट्टा ही शिवण. गरोदरपणात मूल वाढते तसा हा पट्टा ताणतो आणि ते दोन स्नायू एकमेकांपासून दूर सरतात. बहुतेक बायकांत बाळंतपणानंतर ते बरेचसे जवळ येतात. काहींत येत नाहीत, आणि जुळी असतील तर ताण अधिक. मग पोट मधोमध पुढे येते. बाई काडीसारखी असली तरी येते. तिने जेवण सोडले तरी येते.

आता नळीची शस्त्रक्रिया काय करते? खोळीला बारीक भोके पाडून कापूस ओढून घेते. शिवणीला ती हात लावीत नाही. लावू शकतच नाही. खोळीत लवचिकपणा असेल, म्हणजे बाई तरुण असेल आणि कातडी ताणलेली नसेल, तर खोळ आपोआप आत येते आणि काम छान होते. खोळ आधीच सैल झाली असेल, तर कापूस गेल्यावर ती अधिकच लोंबते. 'मिनी' म्हणतात ती शस्त्रक्रिया बेंबीच्या खालच्या भागापुरती. बेंबी जागची हलत नाही, आणि बेंबीच्या वरचा सैलपणा बहुधा तसाच राहतो. 'फुल' म्हणतात तिच्यात कातडी पार बरगड्यांपर्यंत उचलतात, दूर गेलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, जास्तीची कातडी कापून टाकतात आणि बेंबी तिच्या देठावर ठेवून नव्या छिद्रातून बाहेर काढतात. शिवण उसवली असेल आणि खोळही ढिली असेल, तर उत्तर हे एवढेच. पण ते भलते मोठे उत्तर आहे. काही दिवस कमरेत वाकून चालावे लागते, पोटाला पट्टा बांधावा लागतो, साधारण सहा आठवडे जड उचलता येत नाही, आणि व्रण जन्माचा सोबती होतो. जखमेत पाणी साचू शकते, कातडीचा कडेचा भाग काळा पडू शकतो, आणि क्वचित पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन जिवावर बेतते. म्हणूनच नंतर लवकर चालायला लावतात. ज्या बाईला आणखी मूल हवे आहे तिने ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, नाही तर घातलेले टाके पुढचे बाळंतपण सैल करून टाकते. आणि आमच्याकडे जो खर्रा घरोघर चघळला जातो, तो खाणाऱ्याने आधी चार आठवडे तरी तो सोडलाच पाहिजे. तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि जखम उघडी पडते. यातले किती त्या हसऱ्या बाईच्या चित्राखाली लिहिले होते? एक अक्षर नाही.

माझ्या भाचीच्या पोटात कापूस फारसा नव्हताच. तिची शिवण उसवली होती.

पावणेदोन लाख म्हणजे किती, हे आमच्या जिल्ह्याच्या मापाने सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल ठरला. म्हणजे जवळजवळ बावीस क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात बावीस क्विंटल कापूस वेचायला किती एकर आणि किती बायांचे हात लागतात, ते वेचणाऱ्यांना विचारा. आणि हा पैसा विम्यातून मिळत नाही, कारण निव्वळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया विमा कंपन्यांच्या नियमांत बसत नाही. तो हप्त्याहप्त्याने फेडावा लागतो. भाची अजून फेडते आहे.

यवतमाळहून नागपूरला जाताना वाटेत कळंब लागते. तेथील चिंतामणीचे दर्शन घेण्यासाठी पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भाचीने आणि जावयांनी गाडी थांबवून दर्शन घेतले. ही गोष्ट मला पुढे कळली तेव्हा मी काही वेळ बोललो नाही. पोट कमी व्हावे म्हणून जी मुलगी निघाली होती, तिने वाटेत हात जोडले ते लंबोदराला! देवाचे पोट आम्ही आरतीत आळवतो, त्याला मोदकांनी भरतो, आणि लेकीचे पोट दिसले की ताटावर टिंगल करतो.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. रुग्णालयात पहिल्यांदा तिच्या पोटाला कोणाचा हात लागला तो शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, निळ्या पेनाने खुणा करण्यासाठी. तोवरचे सारे बोलणे फोनवर झाले होते, आणि ते डॉक्टरांशी नव्हे, 'पॅकेज' समजावून सांगणाऱ्या बाईंशी. सूज उतरायला दोन-तीन महिने गेले. सूज उतरल्यावर कमरेच्या बाजू आत गेल्या होत्या, पोटाची कातडी सुरकुतलेल्या पिशवीसारखी झाली होती, आणि मधला फुगवटा होता तेथेच होता. उलट आजूबाजूचे गेल्यामुळे तो अधिकच उठून दिसू लागला. तिने फोन केला तेव्हा तिला नम्रपणे सांगण्यात आले, की आता 'फुल' करून घ्या, जुन्या गिऱ्हाइकांना सवलत आहे.

मग बहिणीने मला बोलावले. मीच तिला यवतमाळातल्या एका वृद्ध शस्त्रवैद्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी भाचीला टेबलावर उताणे निजविले, गुडघे वाकवायला सांगितले, डोके किंचित उचलायला सांगितले, आणि बेंबीच्या वर आपली बोटे आडवी ठेवली. तीन बोटे त्या फटीत आरामात बसली. या परीक्षेला अर्धे मिनिट लागले. ना यंत्र लागले, ना पैसा. जे अर्ध्या मिनिटात कळत होते, ते पावणेदोन लाख घेणाऱ्यांनी विचारलेच नव्हते. "पाठ दुखते का?" डॉक्टरांनी विचारले. दुखत होती, अडीच वर्षे दुखत होती. आम्हाला वाटे पोरे उचलून दुखते. "कोणी व्यायाम शिकवला का?" नव्हता. डॉक्टर म्हणाले, आधी सहा महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पोटाच्या आतल्या स्नायूंचा व्यायाम करा. फट मिटेलच असे नाही, पण ताकद येईल, पाठ सुधारेल. नंतर शस्त्रक्रिया हवीशी वाटली तर जरूर करा, मी नाही म्हणणार नाही; पण सहा आठवडे घरात कोण पोरे उचलील, हे आधी ठरवून मग या.

आम्ही उठणार एवढ्यात त्यांनी मला थांबविले. टेप काढून माझ्या कमरेभोवती फिरविली. १०४ सेंटिमीटर भरली. आपल्याकडे पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही धोक्याची रेघ मानतात. त्यांनी माझे पोट दाबून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे चिमटीत येत नाही. हे आतले आहे. साखर तपासा." साखर तपासली. ती निघाली.

वाचकहो, आता त्या भाऊबिजेचे चित्र पुन्हा पाहा. ज्या पोटावर सारे हसले ते पोट निरोगी होते. फक्त त्याची शिवण दोन जिवांच्या भाराने उसवली होती. आणि जे पोट हसत होते, तेच रोगी होते. त्या पोटाला कोणी काही म्हणाले नाही. पुरुषाचे पोट हे आमच्याकडे खात्यापित्या घरची खूण समजतात.

आतल्या चरबीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण दुकानदार याविषयी मौन पाळतो. ही चरबी आतड्यांभोवती, यकृताभोवती असते. गादीच्या दृष्टान्तात सांगायचे तर ती गादीत नसतेच. ती खालच्या दिवाणात असते. तेथे नळी पोहोचत नाही. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा किलो चरबी नळीने काढून घेतली आणि दहा-बारा आठवड्यांनी त्यांना तपासले. कपडे ढिले झाले होते; पण इन्सुलिनचे काम, रक्तदाब, रक्तातील चरबी यांत काहीही सुधारणा नव्हती. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला बारीक आणि आतून चरबीदार हा आपल्या लोकांचा वारसा आहे. तेव्हा ज्याला मधुमेहाची भीती वाटते त्याने पोट कापायला जाऊ नये. चालायला जावे, आणि डॉक्टरांकडे जावे. २०२५ सालापासून भूक आणि वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही बाजारात आली आहेत. वजन झपाट्याने उतरले की खोळ लोंबणार, आणि मग ही दुकाने आणखी भरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता दुसरी बाजू. हे सारे वाचून काही मंडळी खूष झाली असतील. "आम्ही म्हणतच होतो! देवाने दिलेल्या देहाला सुरी कशाला लावायची? ही सारी नट्यांची थेरे. आमच्या आजीला बारा बाळंतपणे झाली, तिने कधी पोटाची तक्रार केली का?" या मंडळींनी माझ्याकडून टाळीची अपेक्षा करू नये. आजीने तक्रार केली नाही, कारण तिची तक्रार ऐकायला घरात कोणी नव्हते. ती साडीचा पदर पुढून खोचून पोट झाकीत होती, आणि पाठ दुखते म्हणून रात्री नातवाला पाठीवर पाय द्यायला लावीत होती. तो नातू मीच.

आणि देहाला सुरी लावण्याचे म्हणाल, तर ही विद्या आपल्याच अंगणातली आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले. पुढे पुण्याकडच्या एका कारागीर जातीच्या शस्त्रवैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून तिकडच्या शस्त्रवैद्यांना ही युक्ती कळली आणि १८१४ साली तेथे तसे नाक बसविले गेले. कावसजी नाकावाचून श्वास घेऊ शकत होता, बैलही हाकू शकत होता. त्याला नाक हवे होते ते चारचौघांत उभे राहण्यासाठी. त्याला कोणी नखरेल म्हटले नाही. मग दोन मुले पोटात वाढवून ज्या बाईचे पोट फाकले, तिने ते पूर्ववत करून मागितले तर ती नखरेल कशी? युद्धात कापले गेलेले तेवढे जखमेत मोडते, आणि बाळंतपणात फाटलेले नाही, हा न्याय कोणत्या स्मृतीतला?

तिसरी एक मंडळी आहेत. ती तरुण आहेत आणि मला आवडतात. त्यांचे म्हणणे, "शरीर तिचे, पैसा तिचा, निवड तिची. मामाने मधे पडू नये." हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण निवड म्हणजे काय? ज्या मुलीला पोटाचे चार प्रकार असतात हे कोणी सांगितले नाही, तिला तीन पाकिटे दाखवून 'उचल' म्हणणे ही निवड नव्हे. ही लॉटरी आहे. आणि या लॉटरीत कधी कधी जीवही जातो. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये एका नर्तकीच्या पायाची चरबी खरवडून काढली गेली. पाय सडला आणि कापावा लागला. पुढे १९७० च्या दशकात रोमला आणि पॅरिसला नळीची पद्धत निघाली, १९८० च्या दशकात भूल मिसळलेले पाणी आधी भरून रक्तस्राव कमी करण्याची युक्ती निघाली, आणि हे काम पुष्कळच निर्धोक झाले. तरीही २०२२ साली बंगळूरला एकवीस वर्षांची एक अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू पावली. एकवीस वर्षांची! तिच्या पोटावर कोण काय बोलले होते, ते आपल्याला कधी कळणार नाही.

आणि आता मी माझ्या खऱ्या आरोपीकडे येतो.

मी भाचीला विचारले होते, "एवढे सुंदर दिसायचे होते का ग तुला?" ती म्हणाली, "मला काही सुंदर व्हायचं नव्हतं, मामा. लोकांनी विचारणं बंद करावं, एवढंच पाहिजे होतं. बसमध्ये बाई उठून जागा द्यायची. ऑफिसात शिपाई म्हणायचा, जड उचलू नका मॅडम. हळदीकुंकवाला बायका पोटाकडे पाहून मग तोंडाकडे पाहायच्या. आणि तुम्ही तर ओवाळणीतच विचारलं."

मी मास्तर आहे. शब्दाला किंमत असते असे मी जन्मभर पोरांना शिकविले. माझ्या एका शब्दाची किंमत बावीस क्विंटल कापूस असेल, हे मला कोणी शिकविले नव्हते.

आपल्या समाजात शहाणपण नव्हते असे नाही. बाळंतिणीला सव्वा महिना जमिनीवर पाय टाकू न देणारी, पोटाला पट्टा बांधणारी, शेक देणारी, डिंकाचे लाडू करणारी म्हातारी घराघरात होती. पट्ट्याने उसवलेली शिवण सांधते असे कोणी समजू नये. सोवळेओवळेही त्या खोलीत पुष्कळ होते. पण एक गोष्ट त्या म्हातारीला कळत होती: हे पोट मोठे काम करून आले आहे आणि त्याला आता विश्रांती द्यायची आहे. आज आम्ही ती विश्रांती काढून घेतली आणि तिच्या जागी विनोद ठेवला. बाळंतिणीला चाळीस दिवस द्यायला घरात कोणाला सवड नाही. ती सुरीखाली गेली की मात्र सहा आठवडे द्यावेच लागतात. व्याजासकट.

तेव्हा ज्या घरात कोणी अशा शस्त्रक्रियेचा विचार करीत असेल, तेथे या म्हाताऱ्याच्या चार गोष्टी ऐका. पोट तपासल्यावाचून जो किंमत सांगेल, त्याचा फोन ठेवून द्या. डॉक्टरांना विचारा: माझी अडचण कातडीची, कातडीखालच्या चरबीची, आतल्या चरबीची, की स्नायूंची? ते याचे उत्तर हाताने तपासून देत नसतील तर उठून या. सुरी धरणारा प्लास्टिक सर्जरीचे रीतसर शिक्षण घेतलेला आहे का, भूल देणारा स्वतंत्र आहे का, आणि रात्री काही झाले तर अतिदक्षता विभाग कोठे आहे, हे विचारायला लाजू नका. साडी घेताना आपण रंग जाईल का हे विचारतोच. बाळंतपणानंतर निदान वर्षभर थांबा आणि वजन सहा महिने एका ठिकाणी स्थिर होऊ द्या. एवढे करून जिला शस्त्रक्रिया हवी असेल, तिला ती आनंदाने करू द्या, आणि घरातल्या पुरुषांनी सहा आठवडे पोरे उचलावीत. व्यायाम शिकवायला पैसे लागतील तर तेही पुरुषांनीच द्यावेत; हसण्याचा दंड म्हणून.

आणि ज्यांच्या घरात असा काही विचार नाही, त्यांनी एवढेच करावे. येत्या आठ दिवसांत घरी माणसे येतील. लेकी माहेरी येतील, सुना ताटे वाढतील, पुतण्या नमस्काराला वाकतील. कोणी जाड झालेली असेल, कोणी बारीक. शिंप्याची टेप घेऊन आधी स्वतःची कंबर मोजा. मग काय बोलायचे ते बोला.

हा लेख छापायला पाठविण्यापूर्वी मी भाचीला वाचून दाखविला. मी भीत होतो. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि म्हणाली, "चाळीस दिवसांचं लिहिलं ते बरं केलं. पण मामा, फट आता दोन बोटांवर आली आहे, तेही लिहा ना."

म्हणून लिहितो. दोन बोटे.